बैलाचा शनिवार

शनिवारी सिप्पोराबाई काहीही करत नसत, आणि ते त्या फार मन लावून करत. सकाळी अंघोळ उरकून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायच्या, ते आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. गॅस नाही, झाडू नाही, फोन नाही. कुरिअरवाला आला तरी "उद्या या" म्हणून परत लावायच्या. आम्ही छावणीत त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच शनिवारी माझ्या बायकोनं मला सांगितलं, "शेजारच्या बाईंचा शनीचा कडक उपास दिसतोय." दुपारी त्याच खुर्चीत बसून त्यांनी आदल्या दिवशी करून ठेवलेली मासळीची आमटी आणि भात पोटभर खाल्ला, तेव्हा तो अंदाज बाद झाला.

त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही जरा ऐटीत. "आमचा बैलसुद्धा शनिवारी मोकळा असायचा. तशी आज्ञाच आहे. तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलांनी नाही, तुझ्या चाकरानं नाही, तुझ्या बैलानं नाही." मी विचारलं, आता बैल कुठं आहे? त्या म्हणाल्या, "बैल गेला. आज्ञा आहे."

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. लग्न केलं नव्हतं. समोरच्या माणसानं पाल्हाळ लावलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "लाइन मोकळी करा." एकदा गल्लीतल्या सत्कारात पुढारी बोलायला उभे राहिले आणि थांबेचनात, तेव्हाही त्या पहिल्या रांगेतून हे म्हणाल्या होत्या. पुढाऱ्यांना वाटलं मागं कुणाचा तरी फोन वाजतोय. त्यांनी सगळ्यांना मोबाइल बंद करायला सांगितले आणि भाषण पुढं चालू ठेवलं.

शहरात त्यांच्या लोकांची मोजकीच घरं. प्रार्थनामंदिर नव्हतं, त्यामुळं शुक्रवारी संध्याकाळी सगळी मंडळी सिप्पोराबाईंच्या हॉलमध्ये जमायची. दिवे लागायचे, हिब्रू प्रार्थना व्हायची, काळ्या मनुकांचं सरबत फिरायचं आणि मग मराठीत भांडणं सुरू व्हायची. मी सरबतासाठी जात असे. भांडणांत सॅम्युएलसाहेब पुढं असत. ते वाळूजला माझ्याच कारखान्यात मोठे इंजिनिअर होते. कारखान्यात त्यांना कुणी उलटून बोलत नसे, ती सगळी कसर इथं भरून निघायची.

आमच्या गल्लीतल्या पाच घरांची धुणीभांडी कौसाबाई करायची. पडेगावहून चालत यायची. तिच्या सासरची मेंढरं होती, ती विकून घर शहरात आलं होतं. नवऱ्याला दम्यामुळं काम होत नव्हतं, म्हणजे संसार या पाच घरांवर उभा. तिला सुट्टी मिळायची ती घरात कुणी मेलं तर, आणि त्या बाबतीत तिचे नातेवाईक अलीकडं फार सहकार्य करत नव्हते.

एका शनिवारी पाळीवर जाण्याआधी मी कुंपणापाशी बाईंशी बोलत उभा होतो. त्या खुर्चीत, नेहमीसारख्या रिकाम्या. मागं मोरीत कौसा त्यांचीच भांडी घासत होती. बोलता बोलता बाई थांबल्या, कान देऊन ऐकू लागल्या. मला वाटलं, प्रकृतीचं काही असेल. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं हा आवाज येतोय, आणि मी इथं आज्ञा पाळत बसलेय."

पुढच्या शुक्रवारी प्रार्थना संपल्याबरोबर त्यांनी मंडळींना सांगितलं की आपल्या सगळ्या घरांतल्या कामवाल्यांना शनिवारी भरपगारी सुट्टी. सॅम्युएलसाहेबांनी सरबताचा पेला खाली ठेवला. "पण त्या आपल्यातल्या नाहीत, मावशी. त्यांना हा नियम कसा लागू होईल?"

बाई म्हणाल्या, "बैल तरी कुठं आपल्यातला होता?"

त्या दिवशी भांडण झालंच नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कौसा आली तशी बाईंनी तिला दारातच सांगितलं, "आजपासून शनिवारी येऊ नकोस." कौसानं उंबऱ्यावरच बसकण मारली आणि रडायला लागली. "माजं काय चुकलं, शिपुरामावशी? तांब्याला पोचा आला म्हनून व्हय?" पगार कापणार नाही म्हटल्यावर तर ती जास्तच घाबरली. "काम न करता पैसे? मी काय आजारी हाय का? का तुमी आजारी हाव?" तिला समजवायला माझ्या बायकोला बोलवावं लागलं.

पण पुढच्या शनिवारी कौसा पुन्हा गल्लीत. बाईंनी विचारलं, कुठं निघालीस? ती म्हणाली, "देशमुखांकडं. तुमचं घर कमी झालं म्हनून काकू म्हनल्या, समदे डबे घासून घे." बाईंनी दिलेली सुट्टी देशमुखकाकूंनी वापरून टाकली होती.

मग त्या घरोघर निघाल्या. सगळ्यात आधी आमच्याकडं. माझी बायको म्हणाली, शनिवारी नको, अडचण होते. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "कारखान्यानं तुला सुट्टीला शुक्रवार दिलाय. देवानं मला शनिवार दिलाय. सरकारी माणसांना रविवार आहे. कौसासाठी आता आठवा वार आणू का?" आम्ही कबूल झालो. यात थोरपणा काही नव्हता. बायकोनं शनिवारची भांडी माझ्या नावावर लावली आणि प्रश्न मिटला. कौसाला मात्र बाईंनी नीट विचारलं, तुला कोणता वार हवा? तिला असलं कुणी कधी विचारलं नसावं. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "सनवारच बरा. तुमी बी बसलेल्या आसता. येकटीनं बसायची लाज वाटती."

बाकीची घरं कुरकुरत राजी झाली. देशमुखकाकू हटल्या नाहीत. घर मोठं, शेती गंगापूरकडं, शनिवारी गावाकडून माणसांचा राबता. "शनिवारीच आमच्याकडं माणसं येतेत," त्या कौसाला म्हणाल्या. "तू येणार नसशील तर मी दुसरी बघते. मग सातही वार बस घरी." सगळ्यात जास्त पगार याच घरचा होता. तो गेला तर नवऱ्याचं औषध बंद.

कौसा बाईंकडं आली. "मावशी, ऱ्हाऊ द्या तुमची सुट्टी. दुपारची मेंढरं बसवतेत, पर राखायला कुनीतरी हुबं आसतं. माजी राखन कोन करनार?"

"आम्ही," बाई म्हणाल्या.

त्या शनिवारी तिसरी चांदणी दिसली तशा त्या खुर्चीतून उठल्या. मंडळी फाटकाशी येऊन थांबलेलीच होती. सगळे मिळून देशमुखांच्या दारात गेले. "कौसाच्या बदली आलोय," बाईंनी सांगितलं आणि थेट मागच्या मोरीत. सॅम्युएलसाहेबांनी बाह्या वर करून बिर्याणीचं पातेलं घासायला सुरुवात केली. मी फाटकातून पाहत होतो. कारखान्यात हे सांगून कुणाला पटलं नसतं. देशमुखकाकांनी जपून विचारलं, "हे उपोषण-बिपोषण आहे का, बाई?" बाई म्हणाल्या, "नाही हो. भांडी आहेत."

काकूंनी कानकोंडं होऊन सगळ्यांना पाहुण्यांच्या कपांतून चहा दिला. मंडळींनी तेही कप धुतले.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. भाषण नाही, टोमणा नाही. पातेलं करपलेलं असलं तर सॅम्युएलसाहेब "जरा राख मिळेल का?" एवढंच विचारायचे. काकूंची झोप उडाली. गल्लीतली माणसं संध्याकाळी त्यांच्या घरावरून मुद्दाम फिरायला जाऊ लागली. शेवटी एका शनिवारी मंडळी मोरीत गेली तर भांडी घासून पालथी घातलेली. काकू पदरानं हात पुसत उभ्या होत्या. "आता येत जाऊ नका. मीच घासून घेतलीत. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, काकूंचा हात स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "कौसाला उद्या पाठवते."

कौसाचं घर टिकलं, पगार टिकला, शनिवारही मिळाला. पहिले काही शनिवार ती नुसती झोपली म्हणे. नंतर कधीमधी नवऱ्याला घेऊन नातलगांकडं जायची, नाहीतर बाईंच्या व्हरांड्यात पायरीवर येऊन बसायची. दोघी फारशा बोलत नसत. माझ्यावर मात्र आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघींचं लक्ष असायचं. "घासणी जोरात फिरवा, दादा," असं कौसानं मला एकदा तिथून ओरडून सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर सिप्पोराबाई खुर्चीत टेकल्या आणि गेल्या. डॉक्टर येईपर्यंतही थांबल्या नाहीत. त्यांच्यात शनिवारी दफन करत नाहीत, त्यामुळं आता रविवारपर्यंत वाट पाहायची होती, आणि तोवर देहाला एकटं ठेवायचं नाही, कुणीतरी जवळ बसायचं, अशी रीत. सॅम्युएलसाहेब रात्रभर बसले. सकाळी मी गेलो, तेव्हा मला रडू आवरलं नाही. इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती कुंपणापलीकडं होती म्हणून माझे दिवस बरे गेले.

थोड्या वेळानं कौसा आली. धुतलेलं लुगडं नेसून, पडेगावहून चालत. बाईंच्या उशापाशी भिंतीला टेकून बसली. दुपार झाली तरी उठली नाही. हॉल माणसांनी भरला. सॅम्युएलसाहेब जागरणानं थकले होते, देशमुखकाकू सगळ्यांची विचारपूस करत होत्या. त्या घरात आज गॅस पेटणार नव्हता, म्हणून काकू हळूच म्हणाल्या, "कौसा, आलीच आहेस तर आमच्याकडं जाऊन सगळ्यांसाठी चहा टाक ना. पातेलं ओट्यावरच आहे."

कौसानं पदरानं डोळे पुसले. जागची हलली नाही.

"काकू, आज सनवार हाय."

काकू पदर खोचून घरी गेल्या, चहा करून घेऊन आल्या आणि पहिला कप कौसापुढं धरला. कौसानं तो बसल्या जागी घेतला.