माझी भीती धनाजीकडे आहे

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगला केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवणारा माणूस. त्यामुळे लोकांचे असले अतर्क्य अनुभव आजवर मी हसतच वाचले. आता स्वतः लिहायला बसलोय ते खरं तर चिडून... कारण जे झालं ते कुठल्याच मापात बसत नाही.

कॉलेजपासून मी आणि माझा मित्र धनाजी रविवारी कातळ चढतो. तो वडणग्याचा. घरी आठ म्हशी आणि जिवाची पर्वा शून्य. मी एकेक गाठ तीनदा तपासणार, तोवर हा पठ्ठ्या हेल्मेट काढून दगडावर ठेवणार. मला ‘भित्री भागूबाई’ म्हणायला त्यानंच सुरुवात केली. माझं म्हणणं एकच – भीती वाटते म्हणून तर हातपाय शाबूत आहेत. पुढे चढायचा तो, खाली दोर धरायचो मी.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आम्ही केर्लीच्या पुढे, जोतिबाच्या डोंगराच्या उतारावरच्या कातळावर गेलो. साठेक फूट उंच. धनाजीच्या अंगठ्यावर म्हशीनं पाय दिला होता, म्हणून पहिल्यांदाच मी पुढे. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं त्याच्या. चाळीस फुटांवर माझी पोटरी लटलटायला लागली. तोंड कोरडं. परतावं असं मनात आलं – आणि एकदम सगळं थांबलं. नळ बंद करावा तसं. छातीत धडधड नाही, काही नाही. मी आरामात वर पोहोचलो.

खाली बघतो तर धनाजी उकिडवा बसलेला. दोर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, चेहरा पांढराफटक.

“उतर! उतर लेका खाली!”

“अरे, झालं की चढून!”

“झालं न्हवं, उतर आधी!”

मला वाटलं, उपाशी आला असेल. परत जाताना केर्लीत मिसळ खाऊ घातली. दोन घासांवर त्यानं ताट सरकवलं.

पुढच्या आठवड्यात हा गडी वैरण काढायला माळ्याची शिडी चढेना. आणि मी? मला काहीच वाटेनासं झालं. एका दुपारी कामावर जाताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं, समोरून एसटी. वीतभर अंतर राहिलं. फाउंड्रीच्या गेटवर पोहोचतो तोच धनाजीचा फोन.

“आत्ता काय करत हुतास रं? धार काढायला बसणार, तर हात असं कापाय लागलं की बादली पालथी झाली.”

योगायोग म्हणालो. आणखी दोनदा तसंच झालं, तरी योगायोगच म्हणालो. खरं सांगू? मला मजा येत होती. तो घरात थरथरत होता आणि मी दर रविवारी दुसऱ्या पोरांबरोबर कातळावर पुढे चढत होतो. लाज वाटते आता लिहिताना.

मग तो रविवार. आमच्या घराच्या गच्चीवर मी पाच वर्षांच्या लेकीला डोंगर दाखवत होतो. नीट दिसेना म्हणाली, म्हणून तिला कठड्यावर बसवलं, पाय बाहेर सोडून. तीन मजले. एका हातानं तिचा फ्रॉक धरलेला. दुसऱ्या हातात फोन वाजला.

“पोरीला खाली घे.”

“तुला कुणी सांगितलं...”

“खाली घे म्हंतो न्हवं! पाया पडतो तुझ्या!”

मी तिला उचलून घेतलं. त्या वेळी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. धनाजी वडणग्यात, गोठ्यात. फोनवर तो लहान पोरासारखा रडत होता. मी लेकीला घट्ट धरलं, कारण बापानं धरायचं असतं हे मला ठाऊक होतं. आत मात्र पाटी कोरी. त्या कोरेपणाचीसुद्धा भीती वाटली नाही.

त्या दिवसापासून चढणं सोडलं. गाडी बायको चालवते. डॉक्टर धनाजीला गोळ्या देतात, मला ‘नॉर्मल’ म्हणतात. दोनदा आम्ही तोच दोर कमरेला बांधून त्या कातळाखाली तासतासभर बसलो. काही परत आलं नाही. दोराला एखादी चीर असती तर मला सापडली असती, माणसातलं काय कुठून निसटलं ते कसं शोधायचं? कुणाला असा अनुभव असेल तर कृपा करून लिहा, चेष्टा करू नका.

लेक सध्या सायकल शिकते. धनाजी रोज संध्याकाळी धार आटोपून वडणग्याहून येतो, घामानं निथळत, दोन्ही हातांनी सीट धरून तिच्यामागे पळतो. ती पडली की आधी त्याच्या तोंडून “आई गं” निघतं. मी फाटकाशी उभा राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतो.