उंबरठ्याचा नियम

आमच्या घरात भुताला बंदी होती. बाबा प्राथमिक शाळेतले मास्तर, धम्म स्वीकारलेले, आणि या बाबतीत एकदम कडक. दाराला लिंबू-मिरची टांगलेली दिसली की त्यांचं डोकं फिरायचं, मग ते दार शेजाऱ्याचं का असेना. अशा घरात मी एक दिवस रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची जाडजूड इंग्रजी कादंबरी घेऊन आले. मी बाहेरून इंग्रजीत एम. ए. केलं होतं, इचोड्याला एका शाळेत शिकवत होते, आणि मंचेरियलच्या एका खाजगी कॉलेजात जागा निघाली होती. मुलाखतीत खऱ्या वर्गासमोर शिकवून दाखवायचं होतं. विषय दिलेला: या कादंबरीतले गॉथिक, म्हणजे जुन्या इंग्रजी भयकथांचे, घटक.

बाबांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढं शिकून हेच वाचून राह्यली काय?"

"नोकरीसाठी हाय, बाबा."

"मंग मले बी सांग. कळू दे काय लिवलं ते."

झालं. रोज शाळेतून आले की ओट्यावर बसून मी त्यांना एकेक प्रकरण मराठीत सांगू लागले. डोंगरावरचा एकाकी किल्ला, धुकं, तळघरातल्या शवपेट्या, लांडग्यांची ओरड. गाइडात या सगळ्याची नंबर घालून यादीच होती. बाबा हसायचे. "लांडगे? आपल्या जंगलात अस्वल भेटते, त्याले कोनी गॉथिक म्हनत नाही."

मग आला उंबरठ्याचा नियम. ते पिशाच्च म्हणजे मोठा उमराव, किल्ल्याचा मालक, अंगात अचाट बळ. पण दुसऱ्याच्या घरात, आतल्या कोणी बोलावल्याशिवाय, त्याला पाऊल टाकता येत नाही. बाबा हसायचे थांबले.

"रगत पेनारा कोन, ते तं बरोबर लिवलं," ते म्हणाले. "नियम तेवढा उलटा लिवला."

"उलटा कसा?"

"आमचा गढीवाला पायजे त्याच्या घरात घुसे. बलावल्याबिगर पाय ठेवता येत नव्हता तो आमाले."

गढी म्हणजे त्यांच्या गावच्या जमीनदाराचं बुरुजांचं घर. लहानपणी बाबा आजोबांबरोबर तिथं वेठीला जळतण टाकायला जात. भारा अंगणात टाकायचा आणि 'जा' म्हणेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं. "दार केवढं होतं ते सांगतो तुले," बाबा म्हणाले, "आतलं काई सांगता येत नाही."

मला संताप आला. आणि मग आठवलं, की बाबा आजही कोणाच्याही दारात थांबतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरीसुद्धा. चपला काढून, पिशवी हातात धरून, कोणी 'या आत' म्हणेपर्यंत. आम्ही बहिणी त्याला मास्तरांचा शिष्टाचार म्हणून हसायचो. मी तर त्यांची नक्कल करायचे. त्या दिवशी त्या नकलेची मला लाज वाटली.

मुलाखतीत मी गाइड बाजूला ठेवलं. समोर बहुतेक खाणकामगारांची मुलंमुली, मागच्या बाकावर तीन परीक्षक. फळ्यावर मी फक्त एक दार काढलं. म्हटलं, किल्ल्याची भीती कोळिष्टकांमुळे वाटत नाही. त्या दारातून कोण मर्जीने येतं-जातं आणि कोणाला परवानगी लागते, त्यात ती भीती आहे. त्या मालकाला परक्या उंबरठ्यावर थांबायला लावून लेखकाने घाबरलेल्या माणसांना 'नाही' म्हणायचा हक्क दिला. आमच्याकडच्या गढ्यांसमोर तो हक्क कोणाला नव्हता. एक परीक्षक म्हणाले, "मॅडम, लांडगे राहिले." मी म्हटलं, "सर, लांडगे गाइडात आहेत." नोकरी मिळाली. मिळायलाच हवी होती, शिकवलंच तसं होतं.

मंचेरियलला स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि मी आत पोळ्या लाटत होते. सहज बाहेर पाहिलं तर बाबा उन्हात उभे. चपला काढलेल्या, पिशवी हातात. माझ्या दारात! मी धावत जाऊन 'या आत' म्हटलं. पुस्तकातल्या पिशाच्चाला एकदा बोलावलं की पुढे ते कधीही येऊ शकतं. माझ्या बापाला दर वेळी नव्याने बोलवावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी कुलपाची दुसरी किल्ली करून आणली आणि त्यांच्या हातात दिली. "मी कॉलेजात असली तर उगडून बसा."

"मी काऊन उगडू? घर तुजं हाय."

"म्हणूनच तं."

पुढे दोनदा ते आले आणि किल्ली खिशात असून पायरीवर बसून राहिले. मी मनातून चिडले होते. त्यांच्यावर नाही, त्या गढीवर.

तिसऱ्या खेपेला मी दुपारी घरी आले तर पायरी रिकामी होती. दाराला कुलूप नव्हतं. ढकललं, तर बाबा माझ्या खाटेवर मांडी घालून बसलेले, नाकावर चष्मा, मांडीवर तीच कादंबरी, आणि स्टोव्हवर चहा उकळत होता. मी दारातच थबकले. पाय उचलेना.

बाबांनी मान वर केली.

"काऊन उभी हायेस, माय? ये आत."