वाटी धरणारे हात

आनंदातात्यांवर पुन्हा अन्याय झाला तो त्यांच्या रक्षाविसर्जनाच्या सकाळी, आष्ट्याच्या चौकात आमच्या मंडळानं श्रद्धांजलीचा फलक चढवला तेव्हा. एकाहत्तरच्या लढाईतला तोच फोटो: तरणेबांड तात्या, हातात वस्तरा, पात्याखाली शत्रूच्या कैद्याचा गळा. खाली ओळ, ‘वैऱ्याच्या गळ्यावर मराठी पातं’. ती ओळ माझी. चार वर्षांपूर्वी एका पत्रकासाठी मीच लिहिलेली. तात्या गेल्याची बातमी उशिरा कळली, कळताच सांगलीहून निघालो, एसटीतून उतरलो, आणि पहिल्यांदा तीच समोर आली...

तात्या पलटणीत न्हावी होते. निवृत्तीनंतर चौकातच दुकान थाटलं. आमचं पत्रक वाटलं गेल्यापासून गिऱ्हाइकं खुर्चीत टेकता टेकता म्हणायची, “तात्या, गळा राखा बरं का आमचा!” सगळे हसायचे, तात्या नाही. मला वाटायचं, विनय असेल. पण एक गोष्ट सारखी खटकायची. फोटोतल्या कैद्याच्या गालावर ते पांढरं काय? मी पट्टी समजत होतो. गेल्या दिवाळीत दाढीला बसलो तेव्हा विचारूनच टाकलं.

“फेस हाय त्यो,” तात्या म्हणाले. “जबड्याला टाकं घालायचं हुतं त्येच्या. डाक्टर म्हनला, आदी दाढी काढ.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो की. तुमी टाळ्या वाजवत हुता.”

आरशामागून त्यांनी छायाचित्रकारानं पाठवलेली मूळ प्रत काढली. पत्रकासाठी मी वापरलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणात नसलेला खालचा भाग तिच्यात होता. तिथं साबणाची पितळी वाटी होती, आणि ती त्या कैद्यानंच धरली होती. दोन्ही हातांनी.

“ज्याचा गळा कापायचा, त्यो वाटी धरून बसंल व्हय रं? डोळं मिटून मान दिलती त्यानं माज्या हातात. अन् तू मला कसाई केलास... मी हाय तवर तेवडं दुरुस्त कर, गड्या.”

“करतो,” म्हणालो. मग मोर्चे निघाले, सभा झाल्या, नवी पत्रकं छापली... ही ओळ राहिली. जगाचा खोटेपणा चव्हाट्यावर मांडत हिंडणारा मी!

फलक मी त्याच सकाळी उतरवला. त्याला आता दीड महिना झाला. तात्यांची साबणाची वाटी अजून बंद दुकानात आरशाखाली आहे, काठाला साबण वाळलेला. पण आमची पत्रकं सातारा-सांगलीभर गेलीत, तालमींत, सलूनांत, घरांच्या भिंतींवर चिकटलीत. तुमच्याकडे असेल तर आत्ता उठा. ती ओळ खोडा आणि लिहा: ‘आनंदातात्या, जखमी कैद्याची दाढी करताना.’ खाली पेनानं एक वाटी काढा. ती धरणारे दोन हातही काढा.