डाव्या खांद्याआडचं बुऱ्हाणपूर

बुऱ्हाणपूर बघायला लोक गाडी करून येतात. आधी किल्ला, मग हमामाचं रंगवलेलं छत, मग कुंडी भंडारा, शेवटी मावा जिलेबी, आणि उजेड आहे तोवर परत. मला तसं कधी जमलं नाही. वीस-बावीस वर्षांत मी किती वेळा गेलो असेन ते आठवून सांगता यायचं नाही, पण दरवेळी खांद्यावर गादीपाटाची गठडी होती. गादीपाट म्हणजे गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड. तिथल्या मागांवर ते चांगलं निघतं, आणि जळगावात आमचं दुकान गाद्या भरायचं.

आमचं म्हणतो, पण दुकान चाचांचं. मी साक्रीकडच्या डोंगरातल्या गावचा. सहावीत शाळा सोडली. मग उसाच्या तोडीला गेलो, धुळ्यात हमाली केली, आणि विशीच्या पुढे जळगावात येऊन चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. काम मागायला तोंड उघडेना. चाचा पिंजारी. त्यांनी मला दोन दिवस तसंच बसू दिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बसायचंच आहे तर कापूस निवडत बस ना बाबा." तेव्हापासून मी तिथं आहे. पिंप्राळ्यात खोली घेतली, लग्न झालं, पोरं शाळेत गेली, ते सगळं त्या कापसातून. तरी अजून मला वाटतं की कुणीतरी येईल आणि विचारील, तू कोण, इथं कसा? आई गावाकडून फोन करते, "बठ्ठं बरं शे ना रे?" मी हो म्हणतो आणि फोन ठेवल्यावर सगळं खरंच बरं आहे का ते मोजत बसतो.

तर चाचा मला बुऱ्हाणपूरला न्यायचे. ते तिथलेच. त्यांच्या तरुणपणी भावाभावांत वाटणी झाली, घर विकलं गेलं, आणि ते कापूस पिंजायचं पिंजण खांद्याला लावून जळगावला आले. एवढंच सांगायचे. पण शहर दाखवायची त्यांची एक रीत होती आणि ती मला अजूनही सगळ्यात आवडते.

सकाळच्या पॅसेंजरने उतरायचं. मी स्टेशनवर तासभर आधी जाऊन उभा असायचो, तिकीट खिशात आहे का ते दहा वेळा चाचपत. चाचा हसायचे, "अरे, गाडी तुला घेतल्याशिवाय जात नाही, तिला माहीत आहे तू कसा आहेस ते." रावेरपर्यंत दोन्ही बाजूंना केळी, मग वाघोडा, मग उतरायचं. स्टेशन गावापासून लांब आहे. रिक्षावाले हाका मारतात. चाचा रिक्षा करायचे नाहीत. पायी चालायचं आणि कान मोकळे ठेवायचे. थोड्या वेळानं मागांचा आवाज सुरू होतो, खटक खटक, आधी एका घरातून, मग गल्लीभर. चाचा आवाजावरून सांगायचे की हा माग जुना आहे, याचा पट्टा सैल आहे, इथलं कापड घेऊ नको. शुक्रवारी दुपारी काही मोहल्ल्यांत माग थांबतात. ते थांबले की अंगावर काटा येतो. सगळं शहर तिथंच असतं, पण कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं.

उन्हाळ्यात आम्ही कुंडी भंडाऱ्याला जायचो. जमिनीखाली पाणी चालतं आणि वर ओळीनं विहिरींची तोंडं. लिफ्टमधून खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचा थर चढलेला, ओला, आणि वरून प्रत्येक विहिरीतून उजेडाचा एकेक गोल. मी पहिल्यांदा घाबरून चाचांची बाही धरली होती. ते म्हणाले, "बोलू नको. आधी त्याला बोलू दे." पाणी बोलत होतं. कितीतरी लोक एका खोलीत हळू आवाजात बोलतात ना, तसं.

आणि तापीवर, राजघाटावर. तिथं सगळे नदीतल्या दगडी हत्तीकडे किंवा वर किल्ल्याकडे बघतात. चाचा किल्ल्याकडे पाठ करून बसायचे आणि पलीकडचा काठ बघायचे. बादशहाची बेगम किल्ल्यात वारली तेव्हा तिला आधी तिकडे ठेवलं होतं, काही महिन्यांनी उचलून आग्र्याला नेलं. मी विचारलं होतं, "मग तिथं आता काय आहे?"

"जागा आहे."

"पण ती तर नाही ना."

"जिथं माणूस एकदा ठेवतात," ते म्हणाले, "तिथून सगळाच्या सगळा उचलला जात नाही."

कापड घेऊन झालं की परत स्टेशन. त्या परतीच्या वाटेवर एक अरुंद गल्ली लागायची. तिथून जाताना चाचा बोलायचे नाहीत. दहा-बारा वर्षांनी एकदा मी विचारलं, "चाचा, इथं काय आहे?" ते म्हणाले, "मी जन्मलो ती गल्ली." मी उजवीकडे बघितलं. एक निळा दरवाजा होता, वर कमान, कमानीत चुन्याची वेल. मी दरवेळी तो बघायचो. मनात धरून टाकलं की हेच घर.

चाचा करोनानंतरच्या वर्षात गेले. जळगावातच त्यांना ठेवलं. त्यांची थोरली मुलगी, आम्ही सगळे तिला आपा म्हणतो, त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "अब्बानं मला एकदाही बुऱ्हाणपूरला नेलं नाही. न्या म्हटलं तर म्हणायचे, तिथं काय आहे? तुला मात्र नेत राहिले." मग डोळे पुसून विचारलं, "घर दाखवलं का रे तुला?"

मी म्हणालो, "हो आपा. दाखवलं. निळा दरवाजा आहे."

का म्हणालो? तिचं तोंड बघवत नव्हतं. आणि खोटं आहे असं तेव्हा पूर्ण वाटलंही नाही.

त्यानंतर मी एकटाच जाऊ लागलो. पण एकटा कसला. राजघाटावर मी डावीकडे माणसाभर जागा सोडून बसायचो आणि मग लक्षात यायचं. रस्ता ओलांडताना थांबायचो, कारण चाचांचे गुडघे दुखायचे. मागून येणारे लोक वैतागून बाजूनं निघून जायचे. मोहल्ल्यातले मागवाले विचारायचे, "चाचा नहीं आए?" सांगितलं तरी पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे. मला वाटायचं, यांना दिसतात की काय.

गेल्या हिवाळ्यात आपा दुकानात आली. मुलगा सुरतेला आहे, तो तिला कायमची घेऊन चालला होता. म्हणाली, "जायच्या आधी एकदा घर दाखव. दारात उभी राहीन, बस. अब्बाची एक तरी जागा बघून जाऊ दे."

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "घर दाखवायचंय ना, मग तुमचं तोंड असं का?" मी तिलाही सांगितलं नाही.

आम्ही गेलो. आपानं नवा दुपट्टा घेतला होता आणि डब्यात खिचडी. गाडीत ती लहान पोरीसारखी खिडकीला बसली. मी आधी मागवाल्याकडे जाऊन गादीपाट घेतलं, कारण बुऱ्हाणपुरातून रिकाम्या खांद्यानं परत यायची मला सवयच नाही. गठडी रिक्षात टाकली आणि गल्लीच्या तोंडाशी उतरलो. रिक्षावाला म्हणाला, "स्टेशन जाना है तो इधर से कायको? ये तो उल्टा पड़ता है." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही गल्ली परतीच्या वाटेवर नव्हतीच. चाचा दरवेळी वळसा घालून मला तिथून नेत होते.

निळा दरवाजा होता. आपा समोर उभी राहिली. दुपट्टा डोक्यावर नीट केला. मग तिनं कडी वाजवली. मला वाटलं होतं ती नुसती बघेल.

आतून एक मारवाडी शेठ आले, हातात चष्मा. आपानं सांगितलं की माझे वडील या घरात जन्मले. शेठ भले होते, हसले नाहीत. म्हणाले, "बहनजी, ये तो हमारे परदादा के टाइम से कपास का गोदाम है. यहाँ कभी कोई रहा ही नहीं. किसी ने गलत बता दिया आपको."

आपानं माझ्याकडे बघितलं. ती गल्लीतल्या एका दगडावर बसली आणि डबा मांडीवर घेतला. मला वाटलं जमीन फाटावी. मी काहीतरी करायचं म्हणून रिक्षातून काढलेली गठडी उचलली आणि सवयीनं डाव्या खांद्यावर टाकली.

आणि गल्लीची डावी बाजू नाहीशी झाली.

हे मी कसं सांगू? आमच्या धंद्यात उजव्या खांद्यावर ओझं घेत नाहीत. उजवा हात पिंजणाचा. आता मशीन आलं, तरी टाके घालायला तोच हात लागतो. तो जड झाला की टाका वाकडा पडतो. चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ओझं डावीकडे. हात सांभाळ." म्हणून बावीस वर्षं मी परतीचं बुऱ्हाणपूर फक्त उजवीकडचं बघितलं. डावीकडे माझ्या कानाला लागून कापडाची भिंत असायची. आणि या गल्लीत आलं की चाचा, जे एरवी माझ्या पुढे चालायचे, ते मागे व्हायचे आणि गठडीच्या पलीकडून चालायचे. भिंतीच्या बाजूनं. मला त्यांची नुसती चप्पल ऐकू यायची. एका जागी ती थांबायची, मी चार पावलं पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायची.

मी गठडी उजव्या खांद्यावर घेतली. मान अवघडली, पाय वाकडे पडू लागले. गल्लीच्या तोंडाशी परत गेलो आणि तिथून पुन्हा चालत आलो, एकेक पाऊल, चप्पल कुठं थांबायची ते आठवत. डावीकडे मी कधी न पाहिलेलं गाव होतं. एक नळ. एक शिवणयंत्र. कुणाचे तरी वाळत घातलेले पायजमे. मग एक बुटका दरवाजा, बाहेर ओटा, आणि ओट्याला लाकडी खांब. मी थांबलो. ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत होती.

"क्या हुआ, बोझा भारी है क्या?" तिनं विचारलं. मग गठडीकडे बघितलं. पट्ट्यांकडे. "तुम तो वो गादीवाले के साथ आते थे ना? बुड्ढे मियाँ."

मी मान हलवली.

"हर बार इस खंबे को हाथ लगाके खड़े रहते. मैं समझती थी थक गए. दो-तीन बार कहा, बैठ जाओ, पानी पी लो. बैठते नहीं थे. एक बार इतना बोले, वो लड़का आगे निकल जाएगा." तिनं पुढची पाकळी हातात घेतली. "इस दिवाली से पहले भी आए थे."

"चाचांना जाऊन तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

म्हातारीनं लसणाची पाकळी खाली ठेवली. "फिर कोई और होगा," ती म्हणाली, पण खांबाकडे बघतच राहिली. मीही बघितलं. खांबाला माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर एक जागा काळी गुळगुळीत झाली होती. इतर ठिकाणी लाकूड तडकलेलं.

आपा कधी मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हात वर केला. ती वडिलांपेक्षा ठेंगणी, हात थोडा जास्त उचलावा लागला. तळवा त्या जागेवर ठेवून ती तशीच राहिली. कुठंतरी माग चालू होते, खटक खटक.

मग मागे न बघता तिनं विचारलं, "तू हे पाहिलं होतंस?"

"नाही आपा."

"मग हो का म्हणालास?"

मी म्हणालो, "तेव्हा तुम्ही रडत होता."

ती म्हणाली, "मला वाटतच होतं. अब्बा कुणाला घर दाखवणारे नव्हते. मलासुद्धा नाही, तर तुला कुठून?" तिनं हात काढला नाही. "पण तू नाही म्हणाला असतास तर मी आले नसते. सुरतेला गेले असते तशीच."

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देत म्हणाली, "बाहर से क्या देखती है बेटी? हम तो किराये वाले हैं. घर तेरा ही समझ. अंदर आ." आपानं चपला काढल्या. डबा माझ्या हातात दिला, तो मी एका हातात धरला, कारण दुसरा गठडीला होता. दाराची चौकट बुटकी होती. ती वाकून आत गेली आणि अंधारात दिसेनाशी झाली.

मला कुणी आत बोलावलं नव्हतं, आणि मी गेलोही नसतो. गठडी ओट्यावर ठेवायला हरकत नव्हती. पण ठेववेना. आतून आपाचा आवाज येत होता. ती कुणाला तरी विचारत होती, ही खिडकी आधीपासून आहे का, चूल कुठं होती. उत्तरं मात्र मला ऐकू आली नाहीत. मी उजवा खांदा दुखेपर्यंत तसाच उभा राहिलो, आणि डावीकडे बघत राहिलो.