बहारीनला कुठलं नाणं चालतं?

“दोनदा का कापायचं?” जुलेखाबींनी तिसऱ्यांदा विचारलं.

मॅनेजरसाहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. “बाई, इथे आम्ही रुपये घेऊन पौंडांचे चेक देणार. त्याचं कमिशन. तिथे ते चेक मोडून तिथलं नाणं घ्यायचं. त्याचंही कमिशन. परदेशात आपला रुपया चालत नाही.”

पनवेलच्या आमच्या छोट्या बँकेत मी तेव्हा क्लार्क होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी प्रोबेशनवर होतो, म्हणजे साहेबांनी चांगला शेरा दिला तरच नोकरी पक्की. शाखेचं गिऱ्हाईक म्हणजे तांदळाचे व्यापारी आणि मिठागरवाले. त्यात मुंबईच्या हेड ऑफिसने पत्र पाठवलं होतं, की शाखांनी परदेशी चलनाचा धंदा मिळवावा. साहेब महिनाभर वाट बघत होते आणि त्या सकाळी जुलेखाबी आल्या. नवऱ्यामागे भाताची गिरणी एकट्याने चालवणारी बाई. मुलगा बहारीनला तेलकंपनीत वेल्डर. त्याला मुलगी झाली होती, म्हणून दोन महिन्यांसाठी बोटीने निघाल्या होत्या.

साहेबांनी त्यांना ट्रॅव्हलर्स चेक घ्यायला सांगितले. हा चेक विकत घेताना बँकेत एक सही करायची, वापरताना दुसरी. दोन्ही जुळल्या तरच पैसे. चोराला त्याचा उपयोग नाही. चीज चांगली, पण फुकट नाही.

साहेबांनी चहा मागवला आणि मला फॉर्म भरायला बसवलं. तिथला पत्ता हवा होता. जुलेखाबींनी मुलाचं पत्र पुढे केलं. पोरगा पनवेलच्या शाळेत शिकलेला, पत्र मराठीत. पत्ता शोधताना माझी नजर खाली गेली. खोलीचं भाडं तीस रुपये. कोंबडी अडीच रुपयांना. बाळाचं झबलं चौदा आणे.

“चाची, हा सगळं रुपया-आण्यात कसं लिहितो?”

“माझ्यासाठी हिसाब करून लिहितो बाबा. मला तिथलं काय कळणार? लहानपणापासून हुशार आहे.”

हुशार असेलही. पण आण्यांपर्यंत हिशेब करून कोण पत्र लिहितं?

त्या गेल्यावर मी साहेबांकडे गेलो. “साहेब, बहारीनला रुपयाच चालत असेल तर?”

“परदेश आहे तो,” साहेब म्हणाले. “रुपया चालला असता तर त्याला परदेश कशाला म्हटलं असतं? पत्र लिहून घे.”

त्यांनी हेड ऑफिसला इंग्रजीत पत्र सांगितलं. पनवेल शाखेने परदेशी चलनाचा पहिला ग्राहक मिळवला आहे, पौंडांचे चेक पाठवावेत, वगैरे. मी टाइप केलं. शेवटी एक ओळ माझ्या पदरची घातली: ‘ग्राहकाच्या माहितीसाठी बहारीनमध्ये कोणतं चलन चालतं ते कृपया कळवावं.’ जेवणानंतर साहेब पंचवीस कागदांवर एका दमात सह्या करायचे. त्यात हेही गेलं.

पुढचे चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. उत्तर वेगळं आलं असतं, तर साहेबांच्या सहीच्या पत्रात हात घातल्याबद्दल मी घरी गेलो असतो.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळींचं. ‘बहारीनमध्ये भारतीय रुपया चालतो. मग ग्राहकाला पौंड कशासाठी हवेत?’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग आमच्या पत्राची कार्बन कॉपी मागवली. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ही ओळ मी सांगितली होती?”

“सही आपलीच आहे, साहेब.”

ते काही बोलायच्या आत जुलेखाबी दारात उभ्या. चेक न्यायला आल्या होत्या. साहेब उठून उभे राहिले.

“या, बसा. तुमचे पैसे दोनदा कापले जाणार हे माझ्या मनाला पटत नव्हतं. म्हणून मी खास मुंबईला पत्र घालून विचारलं. तिथे आपलाच रुपया चालतो. नियमात बसतील तेवढ्या नोटा न्या. कमिशन काही नाही.”

मी लेजरमध्ये मान घातली.

जुलेखाबी खुर्चीत बसल्या. “म्हणजे पोरगं हिसाब करून लिहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी उगाच वर्षभर मोहल्ल्यात त्याच्या अकलेची तारीफ करत फिरले.”

मग साहेबांकडे वळल्या. “स्वतःचा धंदा सोडून गिऱ्हाइकाचं बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. गिरणीचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. बहारीनहून आले की इथे आणते.”

आणि खरंच आणलं. आमच्या शाखेतलं ते सगळ्यात मोठं खातं ठरलं. हेड ऑफिसने साहेबांचं कौतुक केलं. साहेबांनी माझ्या कागदावर चांगला शेरा मारला, मी पक्का झालो.

पुढे काही वर्षांनी आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या आणि ही सोय गेली. पण नाणं बदलायला पैसे मोजण्याआधी, ते बदलावं लागतं का हे विचारायचं, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र देताना साहेबांनी मला थांबवलं.

“पुढच्या वेळी शंका आली तर आधी मला विचारत जा.”

“विचारली होती, साहेब.”

त्यांनी जरा विचार केला. “मग हेड ऑफिसला विचार. पण सहीला आणताना तो कागद सगळ्यात वर ठेव.”