कोरडं चाक

आमच्या मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असणार, पण तीही 'अहो'वरच भागवायची. गाडी दारात आली की इतर मेकॅनिक आधी बॉनेट उघडतात. हा पठ्ठ्या मागच्या सीटवर जाऊन बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "चला, फिरवून आणा मला." मग समोरच्या खड्ड्यांवरून वरात निघायची. सावकाश जाताना टकटक झाली तर पुढच्या दांडीचं रबर गेलं. मोठ्या खड्ड्यात धप्प झालं तर शॉकअप बसले. स्टिअरिंग वळवताना जुनं दार कुरकुरावं तसं वाजलं तर बॉल जॉइंट कोरडा पडला. परत येईपर्यंत निदान तयार असायचं.

एका शिंप्याची गाडी मागून खडखडायची. दोन गॅरेजांनी दोन वेळा शॉकअप बदलले, खडखड तिथेच. कानसेन बाजारापर्यंत जाऊन आला आणि डिकीत काय आहे म्हणून विचारलं. शिंपी म्हणाला, काही नाही. स्टेपनी उचलून बघतात तर खाली जुनी लोखंडी इस्त्री! त्या इस्त्रीच्या चोरीवरून शिंपी आणि त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गॅरेजात गाडी दुरुस्त झाली ती झालीच, वर भाऊबंदकीही मिटली. हा किस्सा मी निदान शंभर जणांना सांगितला असेल, आणि अजून कोणी तावडीत सापडलं तर सोडत नाही.

तेलाच्या गळतीला मात्र तो बोटं लावायचा. थेंब दोन बोटांत चोळायचा, हुंगायचा. काळं असेल तर इंजिनचं, दाट आणि उग्र वासाचं गिअरचं, पाण्यासारखं पातळ नि निसरडं ते ब्रेकचं. तरीही पत्ता लागला नाही तर इंजिन पुसून त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरायचा आणि दहा मिनिटं ते चालू ठेवायचा. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होई तिथे गळती. "तेल दिसतं खाली, पण गळतं वरून," तो म्हणायचा. "थेंबाचं बोट धरून वर चढायचं."

म्हणूनच गॅरेजच्या दारावर खडूनं लिहिलेलं असायचं: गाडी धुऊन आणू नये. मळ हा त्याचा साक्षीदार होता. चिखल कुठे सुका, कुठे ओला, धूळ कुठे चिकटून बसली, यावरून तो गाडीची कुंडली मांडायचा.

आता माझी करणी सांगतो. ती मात्र मी कोणाला हौसेनं सांगत नाही.

माझी गाडी एकोणीस वर्षांची. पुढून टकटकायची आणि उभी असेल तिथे डाग पाडायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अंगणातल्या डागांवरून मला चार शब्द सुनावले होते. कानसेनकडे न्यायची ठरली त्या सकाळी मला वाटलं, हे असलं ध्यान त्याच्यापुढे कसं न्यायचं? आम्ही खेड्यातल्या शाळेत शिकलेली माणसं. गुरुजी नखं तपासायचे, म्हणून शाळेच्या दारात दगडावर नखं घासून मगच आत जायचो. ती सवय सत्तरी उलटली तरी गेली नाही. मी रॉकेलचं फडकं घेतलं, गाडीखाली शिरलो आणि दिसेल ते ओलं पुसून काढलं. मागच्या डाव्या चाकाच्या आतली बाजूही ओली होती. तीही पुसली, वर साबणाचं पाणी मारलं. बॉनेटखालची ब्रेकच्या तेलाची बाटली अर्धी दिसली, ती काठोकाठ भरली. नवऱ्यामुलासारखी सजवली म्हणा ना.

कानसेननं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "काका, धुतलीत का हो?"

दारावरचं ते खडूचं वाक्य माझ्या पाठीमागेच होतं. "छे," मी म्हणालो, "चिखलातून आली, पाण्यानं वाहून गेलं असेल."

त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. दांडीचं रबर बदललं, इंजिनच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट बदललं. टकटक गेली, डाग थांबले. मागचं चाक कोरडं होतं, बाटली भरलेली होती. मग शंका कशाची घ्यायची?

चौथ्या दिवशी माझी लेक तिच्या आईला घेऊन निघाली. उतारावर ब्रेक दाबला तो पार तळाला गेला. लेकीनं प्रसंगावधान राखून गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. लेकीला खरचटलंही नाही. हिचा मात्र उजवा हात मनगटापाशी मोडला.

बातमी कळताच कानसेन आला आणि वाळूतच गुडघे टेकून बसला. डाव्या चाकाच्या आतून पातळ तेलाचा ओघळ आला होता. बोटं चोळली, हुंगली. दुसऱ्या दिवशी घरी आला. हिच्या प्लॅस्टरकडे बघून त्यानं हात जोडले.

"काकू, माझ्या नजरेतून सुटलं. मला माफ करा."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. बोलायला तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघालं? "चहा टाकू का?" चहा त्यानं घेतला नाही. मी मात्र प्यालो. त्या कपाची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर त्यानं गाड्या घेणं बंद केलं. कोणी आलं की हात हलवून दुसऱ्या गॅरेजकडे पाठवायचा. पंधरवड्यानं त्याची बायको हिला भेटायला आली. सांगत होती, हे दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये नुसते बसून असतात. पाने, जॅक विकायला काढलेत. म्हणतात, कोरडं काय नि ओलं काय कळत नसेल, तर लोकांची पोरंबाळं माझ्या भरवशावर रस्त्यात का सोडायची? येत्या आठवड्यात घेणारा सगळं उचलून नेणार आहे.

ती गेल्यावर मी हिला सगळं सांगितलं. फडकं, साबण, बाटली, आणि ती थाप. ही प्लॅस्टरवर बोट फिरवत होती.

"हाताचं जाऊ द्या," ती म्हणाली. "पण त्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले आणि तुम्ही बघत बसलात?"

मी चपला घातल्या. तो शेडमध्ये पाने पुसून खोक्यात भरत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. माफी मागितली, तर ती त्यानं मध्येच थांबवली. त्याला दुसरंच हवं होतं.

"कशानं पुसलंत?"

"रॉकेलनं."

"बॅकप्लेट पण?" म्हणजे चाकाच्या आतला पत्रा.

"तो पण. कडांपर्यंत."

"बाटली?"

"काठोकाठ भरली होती."

त्यानं मोठा श्वास सोडला. "मग मला दिसणार कुठून?" हे तो मला नाही, स्वतःलाच म्हणाला. पुन्हा म्हणाला. डोळे भरून आले होते. मला वाटलं आता रागावेल, आणि खरं सांगतो, त्याची मला आशाच होती. शिव्या खाल्ल्या की हिशेब चुकता होतो असं मन मानतं.

तो रागावला नाही. खोक्यातून पाने एकेक काढून भिंतीवरच्या खिळ्यांना टांगायला लागला. मी एक उचलून द्यायला गेलो, तर त्यानं तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"काका, चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर बदलून घ्या," तो म्हणाला. "पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याचं काम चोख आहे. माझ्याकडे आता गाडी आणू नका."

"कानसेन, अरे मी..."

"तुम्ही काही सांगितलंत, तर मला ते आधी तपासून बघावं लागेल. असं काम मला जमत नाही."

दुसऱ्या दिवसापासून गॅरेज पुन्हा सुरू झालं. माझी गाडी पुलापलीकडे जाते. माणूस खरोखर चोख आहे, गाडी लिफ्टवर चढवतो, दिवा लावून बघतो. येताना मला कानसेनच्या शेडवरूनच यावं लागतं. तो कुणाच्या तरी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेला दिसतो, आणि मला बरं वाटतं. मग खड्डा येतो, माझी गाडी वाजते, आणि त्याला ती ऐकू गेली असेल या विचारानं मी वेग वाढवतो.