चौथी घंटा

यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात एनिड कॅल्व्हर्टला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला, तिच्या हातचा आल्याचा केक खाऊन पोरांची पोरं झाली. आणि राजाराणीचं गाणं, म्हणजे तिथलं राष्ट्रगीत, लागलं की ही बाई खाली बसायची.

बसायचं वळण बापाचं. तो खाणीत दगड फोडायचा. त्या काळी सिनेमा संपला की राणीचं गाणं वाजे नि सगळं थिएटर उभं राही. बसलेली ही बापलेकच. एकदा मागून कुणी टोपी फेकून मारली. बापानं ती झटकून परत दिली आणि लेकीला म्हणाला, "उठायचं ते दमलेल्याला जागा द्यायला. गादीवर बसलेल्याला आपली जागा कशाला?"

देवाधर्माचंही तिला फारसं नव्हतं. पण नवरा गेल्यावर घर खायला उठे, म्हणून ती चर्चच्या मनोऱ्यात घंटा शिकायला चढली आणि तिथलीच झाली. सहा घंटा, सहा माणसं, ज्याचा त्याचा दोर. चौथी एनिडची. सहाही एकापाठोपाठ पडल्या की तिचा जीव थाऱ्यावर येई. एरवी बाईच्या पायाला भिंगरी.

पाचवीवर अलास्टर, स्कॉटलंडहून येऊन इथेच रुजलेला सुतार. दोघांची कायम जुंपलेली. त्याला स्कॉटलंड वेगळं हवं, राजा राहिला तरी चालेल. तिला राजा नको, पण स्कॉटलंड जाऊ नये. घर कशाला फोडता, बसून खाणाऱ्याला काढा, असं ती म्हणे. तो म्हणे, चुली वेगळ्या होऊ देत, आजोबा दोन्हीकडे जेवतील. मनोऱ्याचा म्होरक्या क्लिफर्ड दोघांच्या हातात कप देई आणि म्हणे, इंग्रजाला विचारायचंच तर दूध आधी की चहा आधी एवढंच विचारावं, बाकी कशावर तो भांडत नाही.

राणी गेली तेव्हा घंटांच्या लोलकांना चामडं बांधून त्या दबक्या वाजवल्या. एनिडनंही वाजवली. काम करता करता गेलेली म्हातारी. मयताला कोण नाही म्हणतं? पण मे महिन्यात नव्या राजाचा अभिषेक आला तेव्हा तिनं सांगून टाकलं, मी नाही. क्लिफर्डनं नुसतं "बरं" म्हटलं. तो भांडला असता तर परवडलं असतं. अभिषेकासाठी नवी माणसं हौसेनं शिकायला येत होती, आपला दोर त्यांच्यातल्या कुणाला गेला तर पुढे काय? बाईला ना बसवेना, ना झोपवेना.

त्या दिवशी गावात पताका लागल्या आणि ती पावसात भिजत टेकडीवर गेली. घंटा सुरू झाल्या. एक, दोन, तीन, मग काहीच नाही, मग पाच, सहा. माणूस कमी असलं की उरलेले आपले ठोके जवळ आणून फट बुजवतात. इथे बुजवली नव्हती. दर फेरीला तिच्या जागी तेवढा रिकामा खड्डा, आणि तिचे हात आपोआप वर जात होते. हा मान की बोट दाखवणं? तिला कळेना. ती भराभरा खाली उतरली. वाटेत गावजेवणाची ताटं नेणारी शेजारीण म्हणाली, "आज तुझीच घंटा जास्त ऐकू आली गं."

मनोऱ्यात तिचा दोर खुंटीला होता तसाच.

"मला चव्हाट्यावर आणलंत," एनिड म्हणाली.

"तू नव्हतीस, तर नव्हतीस," क्लिफर्ड म्हणाला. "ते झाकायचं कशाला?"

"दोर कुणी मागितला नाही?"

"मागितला की. म्हटलं, त्याला माणूस आहे."

अलास्टर बाकावर हात चोळत बसला होता. "मला मात्र त्या फटीत दर खेपेला ठेच लागत होती, बाई. उद्या आम्ही वेगळे झालो तर असंच होईल की काय, कोण जाणे."

"मग?"

"मग काही नाही. मत तेच आहे. नुसतं सांगितलं."

दुपारी पुन्हा वाजवायच्या होत्या, त्याला एनिड थांबली नाही. घरी जाऊन तिनं केक केला, तो एका बाजूनं करपला.

रविवारी प्रार्थनेच्या आधी ती चढली आणि चौथीचा दोर हातात घेतला. पहिल्या फेऱ्यांना तिचा हात उशिरा पडत होता. फट अजून कानात होती.

क्लिफर्डनं मान न वळवता हाक दिली, "चौथी, लवकर."